बोटीची डिझेल टाकी साफ करून घेतली, झाकण न उघडताच

लिहू का नको करता करता सात-आठ महिने गेले, कारण आपला गाढवपणा चारचौघांत सांगायला कुणाला आवडतं. पण मागच्या आठवड्यात एकाने विचारलं की टाकी साफ करणारा कुणी माहितीये का, आणि त्याला सगळं सांगताना वाटलं की हे एकदाचं लिहूनच टाकावं.

तर झालं असं की आमच्या बोटीचं इंजिन मधेच मान टाकायला लागलं. आयडलिंगला एकदम मस्त, पण रेस वाढवली की दहा मिनिटांत आरपीएम आपोआप खाली, मग परत वर, मग बंद. फिल्टर बदलला की दोन-चार तास ठीक आणि परत तेच. काढलेला फिल्टर काळाकुट्ट, वर शेंबडासारखा चिकट थर. वॉटर सेपरेटरच्या, म्हणजे डिझेलमधलं पाणी वेगळं काढणाऱ्या फिल्टरच्या, पारदर्शक वाटीत तळाला पाणी, आणि पाणी नि डिझेलच्या मधोमध तपकिरी चिंध्या लोंबतायत. टाकीत घाण आहे हे यावरून शेंबड्या पोरालाही कळेल, मलाही कळलं. इथपर्यंत माझं काही चुकलं नव्हतं.

मग कुणाच्या तरी ओळखीने एक जण आला. ट्रॉलीवर पंप, दोन मोठे फिल्टर, पारदर्शक पाईप, हातात ग्लोव्हज, सगळा थाट एकदम व्यवस्थित. इंजिनच्या खणात उतरला, पाच मिनिटांनी वर आला तो काळ्या गाळाने भरलेली बरणी घेऊनच. म्हणाला, "दादा, बघा, टाकीत शेवाळ धरलंय." मी ती बरणी बघून इतका हादरलो की फोटो काढून घरच्यांना पाठवला. (हा फोटो लक्षात ठेवा.)

खरंतर मी तिथेच सावध व्हायला पाहिजे होतं. शेवाळाला उजेड लागतो आणि टाकीच्या आत तर मिट्ट काळोख असतो, तिथे शेवाळ कुठून येणार? टाकीत वाढतात ते बॅक्टेरिया आणि बुरशी, आणि ती डिझेलमध्ये नुसती अशीच वाढत नाहीत, त्यांना पाणी लागतं. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाला जाऊन बसतं, आणि ह्या दोघांच्या सीमेवर ही मंडळी संसार मांडतात, खायला डिझेल नि राहायला पाणी. वरून त्यांची आम्लं तयार होतात, ती धातूची टाकी खालून खातात. आता शेवाळ हा शब्द चांगले चांगले लोकही वापरतात त्यामुळे नुसत्या शब्दावरून कुणाला चोर म्हणता येणार नाही, पण "शेवाळ" म्हणून पुढे जो माणूस शेवाळ मारायचं औषध विकायला काढतो त्याच्यापासून लांब राहा.

मी विचारलं टाकी उघडावी लागेल ना. तर म्हणे छे हो, ती जुनी पद्धत, आता पॉलिशिंग असतं, डिझेल बाहेर ओढायचं, गाळायचं, परत आत सोडायचं, तास-दीड तासात टाकी आरशासारखी. मला हे ऐकून बरंच वाटलं कारण आमच्या टाकीचं झाकण अशा अडचणीत आहे की ते उघडायचं म्हणजे अर्धी फळी काढायची. आपल्याला जे ऐकायचंय तेच तो बोलतोय म्हटल्यावर माणूस प्रश्न विचारायचं बंद करतो.

वास येईल, तुम्ही थांबू नका म्हणाला, मी नवीन फिल्टर आणायला गेलो. परत आलो तर काम झालेलं. दोन बरण्या शेजारी शेजारी मांडून ठेवल्या होत्या, एक सकाळची काळी आणि एक सोन्यासारखी स्वच्छ. शिवाय एक ड्रम भरून "खराब झालेलं" डिझेल त्याच्या ट्रॉलीवर, साठेक लिटर असेल, म्हणे हे वापरलंत तर इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलची वाट लागेल, मी नेऊन विल्हेवाट लावतो. वर एक बाटली औषधाची, जी गाळाचं परत डिझेल करते, आणि पाईपवर बसवायचं एक लोहचुंबकाचं कडं. ते मीच मागून घेतलं असं आमच्या भावाचं म्हणणं आहे. रक्कम सांगत नाही, लाज वाटते.

दोन फेऱ्या ठीक झाल्या, पाणी शांत होतं. तिसऱ्या वेळी वारा उठला, बोट जरा जोरात हलायला लागली आणि इंजिन बंद, ते पण अशा जागी की खडक समोर दिसतायत. नांगर टाकला, तो धरला म्हणून हे लिहितोय. भावाने हलत्या बोटीत उलटं वाकून फिल्टर बदलला, डिझेलच्या नळीत शिरलेली हवा काढली, दोन्ही हात डिझेलने माखलेले, तासाभराने इंजिन लागलं. नंतर समजलं की हे नेहमीचंच आहे, टाकीतून डिझेल ओढणारी नळी तळापासून थोडी वर असते, त्यामुळे शांत पाण्यात तळाचं पाणी नि गाळ तिथेच झोपून राहतो आणि लाटा आल्या की सगळं ढवळून एकदम नळीत जातं. म्हणजे ही टाकी दगा देणार ती नेमकी नको त्या वेळीच.

परत आल्यावर आमच्या ओळखीचे एक जुने मेकॅनिक काका आहेत त्यांना बोलावलं. मी बरण्यांची सगळी गोष्ट सांगितली, फोटो दाखवले, ते काहीच बोलले नाहीत. फळी काढायला लावली, टॉर्च मारला आणि म्हणाले, "अरे, हे झाकण कुणी उघडलं कधी?" बघतो तर बोल्टच्या डोक्यांवर आणि खाचेत जुना रंग जसाच्या तसा, एकाही बोल्टवर पान्याचा ओरखडा नाही. म्हणजे टाकीच्या आत त्या माणसाने ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

झाकण उघडलं तर तळाला बोटभर काळा चिखल, भिंतींना बुळबुळीत साय, आणि सडक्या अंड्यासारखा वास. आत बॅफल म्हणतात ते आडवे पत्रे असतात, डिझेल हिंदकळू नये म्हणून, त्यांच्यामुळे टाकीचे खण पडतात आणि आमच्या दुसऱ्या खणापर्यंत हात पोचतच नव्हता, सगळ्यात जास्त घाण तिथे.

मग काकांनी समजावलं ती सगळी हातचलाखी. त्याने डिझेल भरायच्या तोंडातून पाईप आत सोडला आणि तो अर्ध्यातच लोंबत ठेवला. वरचं डिझेल आधीपासून स्वच्छच असतं, घाण खाली बसलेली, त्यामुळे वरून काढलेली बरणी सोन्यासारखी दिसणारच, पंप चालवा नाहीतर चालवू नका. आणि ज्या ड्रमला तो खराब डिझेल म्हणत होता ते आमच्या टाकीतलं सगळ्यात चांगलं डिझेल होतं, वरचं वर काढलेलं. म्हणजे घाण आमच्याकडे ठेवली आणि माल घेऊन गेला, आणि मी त्याला ड्रम उचलायला हात पण लावला!

पॉलिशिंग हा प्रकार खोटा नाहीये हे पण सांगतो, नाहीतर उगाच प्रामाणिक लोकांवर अन्याय. पण ते तरंगणारी घाण गाळतं, चिकटलेली खरवडत नाही. त्यात हिशोब पण बघा, आमची टाकी २०० लिटरची, पंप मिनिटाला चार लिटरचा धरला तर ५० मिनिटांत २०० लिटर फिरलं. पण गाळलेलं डिझेल त्याच टाकीत न गाळलेल्यात मिसळतं, त्यामुळे पूर्ण मिसळतंय असं धरलं तरी एका फेरीत साधारण ६३ टक्केच डिझेल फिल्टरमधून गेलेलं असतं, ९५ टक्क्यांना पोचायला तीन फेऱ्या लागतात. तासाभरात टाकी साफ म्हणणाऱ्याला हा हिशोब विचारा, चेहरा बघण्यासारखा होतो.

आणि त्या बाटलीने तर अजून घोळ घातला. गाळाचं डिझेल वगैरे काही होत नाही, ती पाणी डिझेलमध्ये बारीक मिसळून टाकणारी होती. पाणी असं मिसळलं की सेपरेटरला ते पकडता येत नाही, सरळ पंपात नि नोझलपर्यंत जातं. जंतू मारायचं खरं औषध वेगळं, बायोसाइड म्हणतात ते, ते पाण्यात नि डिझेलमध्ये दोन्हीकडे काम करणारं लागतं, पण तेही फक्त मारतं, मेलेली घाण टाकीतच राहते आणि नंतर फिल्टरमध्ये येऊन बसते. आणि सगळाच काळा गाळ जंतूंचा नसतो, जुनं डिझेल स्वतःच बिघडून डांबरासारखं बसतं, त्यावर बायोसाइड ओतून काय उपयोग. चुंबकाचं कडं सध्या फ्रीजच्या दारावर आहे, तिथे छान काम करतं.

खरी साफसफाई दोन दिवस चालली. सगळं डिझेल ड्रममध्ये काढून तसंच ठेवलं, दुसऱ्या दिवशी वरचं स्वच्छ डिझेल गाळून परत वापरता आलं, फेकायचं निघालं ते तळाचं थोडंसंच. दुसऱ्या खणाला भोक पाडून नवीन झाकण बसवावं लागलं, ते काकांनी टाकी पूर्ण रिकामी करून, हवा खेळवून, ठिणगी न उडवता केलं, हे घरी ग्राइंडर घेऊन करायचं काम नाही, डिझेलला पेट्रोलसारखी पटकन आग लागत नाही म्हणून लोक बिनधास्त होतात. मग हाताने खरवडणं, धागे न सुटणाऱ्या फडक्यांनी पुसणं. चिखलाखाली ॲल्युमिनियमला बारीक खड्डे पडायला लागले होते, अजून एखादं वर्ष गेलं असतं तर टाकीच बदलावी लागली असती. गाळ पाण्यात सोडला नाही, कचरा तेल घेतात तिथे नेऊन दिला. नंतर बायोसाइडचा मोठा डोस, तोही बाटलीवर लिहिलेल्या मापानेच, अंदाजे ओतायचा नाही. पहिले तीन फिल्टर तरी लवकर भरले, ते होतंच, घाबरू नका, फक्त जादा फिल्टर बोटीवर ठेवा.

आता कुणाला बोलवायचंच असेल तर सॅम्पल स्वतः काढा, पातळ नळी टाकीच्या सगळ्यात खालच्या टोकापर्यंत सोडून हातपंपाने, तुमच्या स्वतःच्या काचेच्या बरणीत, आणि २४ तास हलवू नका. जे काय आहे ते थर होऊन दिसतं. काम झाल्यावर त्याच जागेवरून परत. काठी बुडवून डिझेलची पातळी आधी आणि नंतर मोजा. काठीला पाणी शोधायची पेस्ट लावता येते, पाणी लागलं की तिचा रंग बदलतो. झाकणाच्या बोल्टचा फोटो आधी काढून ठेवा. काम चालू असताना जागा सोडायची नाही, वास येवो नाहीतर काही येवो. आणि काढलेलं डिझेल एक रात्र बसू दिल्याशिवाय कुणालाही नेऊ द्यायचं नाही.

पाणी येतं कुठून ते पण शोधा, नाहीतर सहा महिन्यांत परत तेच. हवेतल्या दमटपणाचं पाणी टाकीत साचतं हे खरं, म्हणून बोट उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवतात. पण आमच्याकडे खरा चोर निघाला डेकवरच्या भरायच्या तोंडाची रबरी रिंग, तडकलेली, प्रत्येक पावसाचं नि डेक धुतल्याचं पाणी आत. एवढीशी रिंग! हवेच्या नळीचं तोंड पण बघा, लाट सरळ आत जाईल असं असेल तर वळवून घ्या. बायोडिझेल मिसळलेलं डिझेल असेल तर जास्तच लक्ष, ते पाणी जास्त धरून ठेवतं. आम्ही आता पहिल्या फिल्टरनंतर व्हॅक्यूम गेज बसवलंय, फिल्टर भरायला लागला की काटा चढतो, इंजिन बंद पडायच्या आधी कळतं.

त्या माणसाला फोन केला होता. म्हणाला तुम्ही नंतर खराब डिझेल भरलं असणार. नंतर एक थेंब भरला नव्हता, तसं सांगितलं तर फोन ठेवला.

महिन्याभरापूर्वी तो परत दिसला, दुसऱ्या एका बोटीवर. मालक बिचारा हातात बरणी घेऊन बघत उभा, काळा गाळ, वर लाल झाकण आणि झाकणाच्या कडेला वितळल्याचा डाग. मी मोबाईलमधला माझा फोटो काढला. तेच झाकण, तोच डाग. फोटो मालकाला दाखवला आणि एवढंच म्हटलं, "टाकीचं झाकण उघडायला सांगा ना जरा, आपण इथेच थांबू." तो काहीच बोलला नाही, पाईप गुंडाळायला लागला.