ह्युगेनॉट पूर्वज शोधायची साधनं: आठ महिन्यांच्या वापरानंतर

निकाल आधीच सांगून टाकतो. वसाहतकालीन अमेरिकेत येऊन राहिलेल्या ह्युगेनॉट, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट, पूर्वजाचं मूळ गाव शोधायचं असेल, तर सगळ्यात कामाची गोष्ट लंडनच्या थ्रेडनीडल स्ट्रीटवरच्या फ्रेंच चर्चच्या वह्यांत आहे. अमेरिका आणि फ्रान्सचा नंबर त्यानंतर. ज्यांवर बहुतेक जण पहिले पैसे घालतात, ती वंशवृक्षांची सशुल्क संकेतस्थळं यादीत शेवटी.

साधनं पारखली ती व्हर्जिनियातल्या मॅनकिन टाउनच्या घराण्यांवर. प्रोटेस्टंटांना धर्मपालनाची मुभा देणारा नांतचा आदेश चौदाव्या लुईने 1685 मध्ये रद्द केला आणि ह्युगेनॉट लोक हॉलंड, इंग्लंड, स्वित्झर्लंड, जर्मनी असे पांगले. त्यांतल्या काहीशे लोकांना 1700 साली लंडनहून जहाजांनी जेम्स नदीकाठी आणून वसवलं. म्हणजे देश सोडणं आणि अमेरिकेत पाऊल ठेवणं यांत बऱ्याच जणांची पंधरा वर्षं गेली. शोध अडतो तो या पंधरा वर्षांत.

सुरुवात फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळाच्या फुल-टेक्स्ट सर्चने करावी. फुकट आहे, आणि हस्तलिखित खरेदीखतं-मृत्युपत्रं यंत्राने वाचून त्यांतला प्रत्येक शब्द शोधता येतो. सूचीत फक्त खरेदीदार आणि विक्रेता असतात. इथे साक्षीदार आणि शेजारचा जमीनमालकही सापडतो, आणि खरे धागे तिथेच असतात. मात्र हस्ताक्षर जुनं असलं की यंत्र चुकतं. त्या काळी मोठा ‘एफ’ दोन छोटे ‘एफ’ काढून लिहीत, त्यामुळे ‘फ्रेंच’ हा साधा शब्दही कधी भलताच वाचला जातो. उतारा नुसता वाचून थांबू नका, मूळ पान उघडा.

आडनाव एकाच स्पेलिंगने शोधलं तर हाती काही लागत नाही. इंग्रज कारकून कानाला ऐकू येईल तसं लिहायचा. शास्तँचं शास्टीन आणि चेस्टीन झालं, सोब्लेचं सब्लेट. फ्रेंच शब्दातलं शेवटचं व्यंजन बहुधा मुकं असतं, म्हणून ते कधी गळतं, तर कधी दुप्पट होऊन येतं. ‘द’, ‘ला’, ‘ल’ सोडून शोधा, स्वरांच्या जागी प्रश्नचिन्ह घाला, शेवटाला तारा (*) द्या, म्हणजे तिथे कोणतंही अक्षर चालतं. आडनावाचं थेट भाषांतरही व्हायचं: लब्लाँचा व्हाइट, लरुआचा किंग. असा व्हाइट नुसत्या नावावरून कुणालाच सापडणार नाही; त्याच्या शेजाऱ्यांची नावं फ्रेंच निघाली, तरच शंका घ्यायची.

दुसरा खड्डा कचेऱ्यांचा. जमीन तीच राहिली, काउंटी (म्हणजे जिल्हा) बदलत गेली. मॅनकिनची वस्ती आधी हेनरायकोत होती. 1728 मध्ये गूचलँड वेगळी झाली, 1749 मध्ये कंबरलँड, 1777 मध्ये पाउहॅटन. काही भाग चेस्टरफील्डकडे गेला. ‘1750 नंतर घराणं दिसेनासं झालं’ असं वाटतं तेव्हा बऱ्याचदा माणूस हललेलाच नसतो, दप्तर हललेलं असतं. जमिनीच्या सनदा लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाच्या साइटवर फुकट पाहता येतात. सनदेत ‘फ्रेंच निर्वासितांसाठी मोजलेल्या पाच हजार एकरांपैकी’ असा उल्लेख आला की माणूस याच वस्तीतला, हे पक्कं.

मॅनकिनच्या किंग विल्यम पॅरिशच्या (चर्चच्या हद्दीच्या) वेस्ट्रीची, म्हणजे कारभारी मंडळाची, 1707 ते 1750 ची वही फ्रेंचमध्ये आहे, इंग्रजी भाषांतर छापलेलं आहे. तीत करपात्र माणसांच्या याद्या आहेत. मुलगा सोळाचा झाला की यादीत येतो, त्यामुळे बाप्तिस्म्याची नोंद नसली तरी जन्मवर्षाचा अंदाज बांधता येतो. जहाजांच्या याद्यांवर एवढी भिस्त ठेवू नका. त्यांत बायकोचं नाव सहसा नसतं, नुसतं ‘त्याची बायको’. मुलं तर फक्त आकड्यात.

आता लंडन. तिथल्या दोन प्रकारच्या नोंदी पाहायच्या. पहिली ‘तेमॉन्याज’: आधीच्या चर्चने दिलेलं पत्र, आपल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यासारखं. माणूस कुठून आला ते यावरून कळतं, पण ते त्याचं मधलं ठाणं असू शकतं. दुसरी ‘रकॉनेसाँस’: फ्रान्समध्ये जबरदस्तीने कॅथलिक झालेल्याने लंडनला पोहोचल्यावर भर चर्चमध्ये दिलेली कबुली. तिच्यात मूळ गाव किंवा प्रांत लिहिलेला असण्याची शक्यता जास्त. तिथल्या ह्युगेनॉट सोसायटीने हे खंड छापलेत आणि जुने खंड इंटरनेट अर्काइव्हवर आहेत. शोधखिडकीवर विसंबू नका, खंडाच्या मागची सूची स्वतः चाळा. माणूस लंडनमध्ये सापडला नाही तर हॉलंडच्या वालून (फ्रेंच बोलणाऱ्या प्रोटेस्टंटांच्या) चर्चांची कार्ड-सूची बघायची.

तारखांचा घोळ इथेच होतो. इंग्लंड आणि त्याच्या वसाहतींत 1752 पर्यंत जुनी दिनदर्शिका होती आणि वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं. समजा, लग्न 20 मे 1701 ला आणि पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा ‘3 मार्च 1701’ ला. मूल लग्नाआधीचं नाही. आपल्या हिशेबाने तो मार्च 1702 चा. फ्रान्समध्ये मात्र 1582 पासूनच नवी, म्हणजे आजची, दिनदर्शिका होती. निर्वासित लेखनिकाने कोणती वापरली हे वहीतल्या आधीच्या-पुढच्या नोंदींचा क्रम पाहून ठरवायचं, आणि टिपणात तारीख मूळ लिहिली आहे तशीच ठेवायची.

गाव कळल्यावरच फ्रान्सच्या जिल्हा अभिलेखागारांकडे वळा. बऱ्याच जिल्ह्यांची पानं ऑनलाइन फुकट पाहता येतात, पण नावाने शोध क्वचितच चालतो. गावाची वही उघडून पान-पान उलटावं लागतं. प्रोटेस्टंट वह्या 1685 ला थांबतात, अनेक नष्टही झाल्या. त्यापुढे कॅथलिक वह्यांत मागे राहिलेल्या भावंडांचे धर्मत्याग आणि लग्नं शोधायची, शिवाय नोटरींची दप्तरं. फ्रेंच नोंदींत बाईचं माहेरचं आडनाव टिकून राहतं, ही मोठी सोय. इंग्रजी नोंदीतली नुसती ‘मेरी’ इथे आडनावासकट भेटते.

सशुल्क वंशवृक्षांवर बहुतेकांचा जन्म ‘ला रोशेल’. बंदर होतं, नाव प्रसिद्ध होतं, एकाने अंदाजाने लिहिलं आणि बाकीच्यांनी उतरवून घेतलं. पुरावा म्हणून जोडलेला असतो तो दुसरा वंशवृक्ष. ‘द’ दिसला की घराणं सरदार, फ्रेंच आडनाव दिसलं की ह्युगेनॉट, हेही तिथलंच. जर्सी बेटावरचे लोक, वालून (आजच्या बेल्जियममधले फ्रेंचभाषक), स्विस आणि आजच्या कॅनडातून 1755 नंतर हाकलले गेलेले कॅथलिक अकेडियन यांचीही आडनावं फ्रेंचच होती. महिन्याभरासाठी वर्गणी भरा, मूळ कागदांच्या प्रतिमा उतरवून घ्या आणि बंद करा.

डीएनएमध्ये लाळेची साधी चाचणी इथे वाया जाते. नऊ-दहा पिढ्यांमागच्या एका माणसाचा अंश बऱ्याचदा उरतच नाही. वाय-डीएनएची (बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या डीएनएची) 37 मार्करची, म्हणजे 37 ठिकाणं तपासणारी, चाचणी एक काम नेमकं करते: दोन वेगळ्या स्पेलिंगची घराणी एकाच पुरुषाची आहेत का, ते सांगते. त्यासाठी अखंड पुरुष-परंपरेतला वंशज हवा. गाव मात्र ती सांगणार नाही. फ्रान्समध्ये हौसेखातर अशी चाचणी करायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे तिकडचे जुळणारे नमुने फारसे मिळतच नाहीत.

नॅशनल ह्युगेनॉट सोसायटी ही अमेरिकेतली वंशजांची संस्था. तिच्या मान्य पूर्वजांच्या यादीत नाव असलं तरी सदस्यत्वाच्या अर्जाला प्रत्येक पिढीचा पुरावा लागतो. स्थलांतर 10 डिसेंबर 1520 ते 28 नोव्हेंबर 1787 या काळातलं असावं लागतं. तुमच्या घराण्यातल्या कुणाचा जुना अर्ज मंजूर झालेला असेल तर त्याची प्रत मागवा, पण त्यातला कागद न् कागद पुन्हा तपासा. जुन्या अर्जांत छापील कुलवृत्तांतही पुरावा म्हणून चालून गेले आहेत.