छोटा बोर्ड, मोठं कॅबिनेट: जुनंच ठेवायचं की नवं छोटं घ्यायचं?

नाशिकच्या सिडकोतल्या माझ्या भाच्यानं घरच्या कॉम्प्युटरसाठी नवा प्रोसेसर आणि मायक्रो-एटीएक्स बोर्ड (म्हणजे छोट्या मापाचा मदरबोर्ड) आणला आणि लगेच फोन केला. “मामा, घरातल्या त्या ढोल्या कॅबिनेटमध्ये बसेल का रे हा? दुकानवाला म्हणतोय छोटं कॅबिनेट घेऊन टाका, यात बोर्ड हरवल्यासारखा दिसेल.” दिसण्याबद्दल दुकानवाला बरोबर होता. बसण्याबद्दल मात्र शंका घ्यायचं कारणच नाही.

इंटेलनं मोठ्या मदरबोर्डाचं, म्हणजे एटीएक्सचं, माप १९९५ साली ठरवलं: ३०५ बाय २४४ मिलिमीटर. दोन वर्षांनी मायक्रो-एटीएक्स आलं, जास्तीत जास्त २४४ बाय २४४. ते मोठ्या मापातूनच कापून काढलंय. मागचे पोर्ट त्याच जागी, कार्डं खोचायचे वरचे स्लॉट त्याच जागी आणि सहा स्क्रूंची भोकंही तीच. बोर्ड कॅबिनेटमध्ये वरच्या अंगाला बसतो, खाली ६१ मिलिमीटर जागा मोकळी राहते. त्याहूनही छोटा, १७० बाय १७० चा मिनी-आयटीएक्स बोर्डसुद्धा मोठ्या कॅबिनेटमधल्या चार भोकांवर चपखल बसतो.

ही ६१ मिलिमीटरची मोकळी जागा लोकांना वाया गेल्यासारखी वाटते. माझ्या मते मोठं कॅबिनेट ठेवावं ते तिच्याचसाठी. दोन स्लॉटमधलं अंतर २०.३२ मिलिमीटर असतं; तीन स्लॉट म्हणजे जवळपास ६१. हल्लीची ग्राफिक्स कार्डं अडीच-तीन स्लॉट जाड असतात आणि त्यांचे पंखे खालच्या बाजूला तोंड करून असतात. छोट्या कॅबिनेटमध्ये कार्डाखाली लगेच एसएमपीएसचा (वीज पुरवणाऱ्या डब्याचा) पत्रा येतो, म्हणजे पंख्यांनी हवा ओढायची कुठून? मोठ्या कॅबिनेटमध्ये तेच कार्ड मोकळा श्वास घेतं. नाशकात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी गाठतो तेव्हा दुपारी दोन वाजता गेम खेळताना हा फरक पंख्यांच्या आवाजावरून कळतो. मोठ्या डब्यातल्या पोकळीत गरम हवा साचते, असंही काहीजण सांगतात. ते खरं नाही. समोरची बाजू जाळीची असेल आणि पुढून आत, मागून बाहेर अशी हवा फिरत असेल, तर पोकळीनं काही बिघडत नाही. समोर काचेचा बंद दरवाजा असेल तर मात्र कॅबिनेट लहान असो की मोठं, आत भट्टीच.

धुळीचा मुद्दा दोन्हीकडे सारखाच. सिंहस्थाच्या तयारीत रस्ते खोदलेले आहेत, त्यामुळे जाळीमागे काढून धुता येईल असं फिल्टर हवंच. छोट्या कॅबिनेटमध्ये आतून ब्रश फिरवायला हात जात नाही, एवढं लक्षात ठेवा.

आता मोठ्या कॅबिनेटचा खरा त्रास, तो म्हणजे वायरी. पॉवर बटण, यूएसबी, हेडफोन यांच्या पिना बोर्डाच्या खालच्या कडेला असतात आणि ती कडच आता ६१ मिलिमीटर वर गेलेली असते. सगळ्यात रडवते ती हेडफोनची वायर. तिची जागा खालच्या कडेला, अगदी मागच्या कोपऱ्यात. पत्र्यातल्या भोकातून ती वर येते, ताणून ताणून जेमतेम बोटभर कमी पडते आणि मग ग्राफिक्स कार्डाच्या अंगावरून तिरकी न्यावी लागते. दुसरी अडचण प्रोसेसरच्या आठ पिनांच्या वायरीची. एसएमपीएस तळाशी असेल तर तिला ट्रेच्या (बोर्ड ज्या पत्र्यावर बसतो त्याच्या) मागून थेट वरच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत जायचं असतं आणि जुन्या, स्वस्त एसएमपीएसची वायर तिथवर पोहोचेलच असं नाही. एक्स्टेंशन मिळतं, पण आधी सुतळीनं अंतर मोजून मग बाजारात जा. छोट्या कॅबिनेटमध्ये या दोन्ही वायरी पोहोचतात. तिथे उलट जास्तीची वायर कोंबायची कुठे, हा प्रश्न.

स्क्रूंची गोष्ट मी स्वतः चुकून शिकलो. आधीचा मोठा बोर्ड काढला, नवा छोटा ठेवला, सहा स्क्रू छान बसले, खूश झालो. ट्रेवरचे खालच्या ओळीतले तीन पितळी स्टँडऑफ (बोर्डाला पत्र्यापासून वर उचलून धरणारे छोटे खांब) काढून थोडं वर, छोट्या बोर्डाच्या खालच्या कडेच्या भोकांखाली लावायचे राहिलेच. मग समोरच्या यूएसबीचा जाड कनेक्टर दाबायला गेलो तर बोर्डाची खालची कड लवली. कडकन आवाज आला नाही, हे नशीब. तेव्हा बोर्डाला जिथे भोक आहे तिथेच स्टँडऑफ हवा आणि जिथे नाही तिथे बोर्डाखाली एकही नको, नाहीतर पितळ मागच्या सोल्डरिंगला टेकून शॉर्ट होतं. स्वस्तातले बरेच मायक्रो बोर्ड रुंदीला २४४ पेक्षा कमी असतात. त्यांच्या उजव्या कडेला भोकंच नसतात. अशा बोर्डात २४ पिनांचा कनेक्टर दाबताना कडेखाली बोटाचा आधार द्या.

शिवाय स्वस्त बोर्डावर कॅबिनेटच्या पंख्यांसाठी एक-दोनच हेडर (वायर लावायच्या पिना) असतात. मोठ्या कॅबिनेटात चार पंखे लावायचे तर एका हेडरवरून जास्त पंखे चालवणारं हब किंवा वाय-केबल घ्यावी लागेल.

मग छोटं कॅबिनेट घ्यायचं कुणी? ज्याचं टेबल अडीच फुटांचं आहे त्यानं. किंवा जो कॉलेजसाठी पुण्याला जाणार आणि दर सुट्टीत पीसी बसमधून मांडीवर घेऊन येणार, त्यानं. ग्राफिक्स कार्ड नसेल, फक्त ऑफिसचं काम आणि टॅली असेल, तरी छोटं पुरतं. पण त्यात प्रोसेसरवरच्या कूलरची उंची आणि कार्डाची लांबी किती चालते ते बघून घ्या. मिनी-आयटीएक्सच्या नादी मात्र जागेची खरोखर मारामारी असेल तरच लागा: एकच स्लॉट, रॅमच्या दोनच जागा आणि पैसे जास्त.

डबा भरलेला दिसावा म्हणून मोठा एटीएक्स बोर्ड घेणं हा तिसरा पर्याय. ग्राफिक्स कार्डाशिवाय आणखी दोन-तीन कार्डं लावायची असतील तर जरूर घ्या. नुसती काचेतून शोभा दिसावी म्हणून घेणार असाल, तर तेवढ्या पैशात रॅम वाढवा.

जुनं कॅबिनेट किती जुनं आहे, तेही बघा. एसएमपीएस वरच्या बाजूला, पुढे हार्ड डिस्कचा पक्का रिव्हेट केलेला पिंजरा आणि समोर फक्त यूएसबी २.० असेल तर त्याला निरोप द्या. तिथे लांब कार्ड पिंजऱ्यावर अडतं आणि उंच कूलरही अडचणीत येतो. पण नवं घ्यायचं तरी मध्यम आकाराचं एटीएक्सच घ्या, उद्या बोर्ड बदलला तरी ते कामाला येतं.

भाच्याचं कॅबिनेट खालच्या एसएमपीएसचं निघालं, म्हणून तेच ठेवलं. रविवारी दोघांनी बसून तीन स्टँडऑफ हलवले, आठ पिनांना एक्स्टेंशन लावलं. छोट्या कॅबिनेटचे पैसे वाचले, त्यातून पुढच्या जाळीला १२० मिलिमीटरचे दोन पंखे आले. हेडफोनची वायर तेवढी अजून कार्डावरून तिरकीच गेलीय.