बामणोलीच्या धक्क्यावर कळलं, आमचे पास खोटे आहेत

सातारा जिल्ह्यातल्या बामणोलीत वनखात्याच्या कचेरीतल्या माणसानं आमच्या वासोटा गडाच्या चौदा पासांपैकी पहिलाच हातात घेतला, वरची ओळ वाचली आणि विचारलं, "ताई, हे कोयना राष्ट्रीय उद्यान कुठं आहे?"

मला प्रश्नच कळला नाही. तो म्हणाला, "कोयनेचं अभयारण्य आहे. राष्ट्रीय उद्यान चांदोलीचं. आमच्या खात्याच्या कागदावर असं कसं छापून येईल?"

मी सांगलीची. चांदोली आमच्याच जिल्ह्यात, शिराळा तालुक्यात. 2004 साली त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, आणि 2010 मध्ये कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, हे मला चांगलं ठाऊक आहे. तरी तीन दिवस तो कागद माझ्या मोबाईलमध्ये होता आणि ही चूक मला दिसली नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी वासोट्याला जाणाऱ्यांची गर्दी असते, आणि असे कागद बनवणारे याच दिवसांची वाट बघत असतात.

आम्ही सांगलीच्या आमराई बागेत सकाळी फिरायला येणारी मंडळी. दरवर्षी थंडीत एखादी एक दिवसाची चाल ठरवतो, सकाळी निघायचं आणि रात्री घरी. यंदा वासोटा ठरला तो आक्कांमुळं. आक्का सत्तरीच्या. त्यांचं माहेर कोयनेच्या खोऱ्यात होतं, धरणात गेलं. गाव सुटलं तेव्हा त्या सहा-सात वर्षांच्या होत्या. "गड नाही चढणार मी, पण त्या पाण्यावरनं एकदा जायचंय," एवढंच त्या म्हणाल्या. वासोट्याला जायचं म्हणजे बामणोलीतून शिवसागर जलाशय बोटीनं पार करावा लागतो, तास-दीड तासाचा प्रवास. तेव्हा आक्का बोटीतून येतील, पायथ्याशी थांबतील आणि बाकीचे वर जातील, असा बेत होता.

जाहिरात आमच्या ग्रुपवर कुणीतरी पुढं पाठवली. इन्स्टाग्रामवरचं पान, वासोट्याचे झकास फोटो, खाली लिहिलेलं: परवानगी, बोट, गाईड, नाश्ता, जेवण सगळं धरून माणशी 1450 रुपये. हिशेब नेहमी माझ्याकडं असतो, त्यामुळं फोन मीच केला.

त्या माणसाचं बोलणं मला अजून आठवतं. आवाज मऊ, बोली आपल्याच भागातली. "काळजी करू नगा ताई, घरचंच समजा." त्यानं सांगितलेली जवळजवळ प्रत्येक गोष्ट खरी होती. पलीकडं मेट इंदवलीला उतरायचं, तिथं तपासणी होते, पिशवीतलं प्लास्टिक मोजून अनामत घेतात आणि परत येताना तेवढंच दाखवावं लागतं. वाटेत ओढा आणि मारुती लागतो, मग चढ सुरू होतो तो गर्द झाडीतून. पुढं नागेश्वरला जाणारी वाट फुटते, ती आपली नाही. वर महादेवाचं देऊळ, पाण्याची टाकी आणि बाबुकड्यावरून सरळ कोकणात उतरलेली भिंत. गडावर मुक्काम करता येत नाही, अंधाराच्या आत परत फिरावं लागतं. आक्कांच्या गुडघ्याचीही त्यानं आपणहून चौकशी केली. इतकं नेमकं सांगणारा माणूस रोज जात असणार, असं मला वाटलं.

खोटं त्यानं एकच सांगितलं. "शनिवार-रविवारचा वनखात्याचा कोटा ठरलेला असतो, तो आधी बुक करायला लागतो. आज रात्री बंद होतोय."

माणशी 500 प्रमाणे 7000 रुपये मी त्याच रात्री पाठवले. पिन टाकायच्या आधी समोर नाव आलं ते कुठल्याशा बाईचं होतं, संस्थेचं नव्हतं. विचारलं तर म्हणाला, "मिसेसच्या नावावर खातं आहे." मी पिन टाकला. नंतर "परवानगीला लागतात" म्हणून सगळ्यांची आधार कार्डं मागितली. चौदा जणांच्या आधार कार्डांचे दोन्ही बाजूंचे फोटो मी गोळा करून पाठवले. आता लिहितानाही हात थांबतो. बुधवारी पासांची फाईल आली आणि गुरुवारी उरलेले 13,300 गेले. एकूण 20,300. गाडी आमची आम्ही केली होती, ते भाडं निराळं.

शनिवारी पहाटे तीनला सांगलीतून निघालो. कऱ्हाड, सातारा, यवतेश्वरचा घाट, कास. कासच्या पठारावर गार वारा होता आणि आक्का काचेला नाक लावून बसल्या होत्या. साडेसातला बामणोलीत पोचलो. धक्क्यावर शनिवारची गर्दी, तिकडं वनखात्याच्या कचेरीपुढं रांग, इकडं बोटीच्या नंबरासाठी रांग. आम्ही रांगेत उभे राहिलोच नाही, कारण आमच्याकडं पास होते.

रेंज फक्त एका काकांच्या फोनला होती. त्यावरून त्या जाहिरातवाल्याला फोन लावला तर तो म्हणाला, "अर्ध्या तासात पोचतोय. तिथंच थांबा. पास कुणाला दाखवू नका, नाहीतर दुसऱ्याच्या नावावर चढवतील." आम्ही थांबलो. बाहेरून आलेले गट आमच्यासमोर परवानगी काढून बोटीत बसत होते. साडेआठला त्याचाच फोन आला. बोटवाल्यांनी ऐनवेळी अनामत मागितलीय, माणशी 300, लगेच पाठवा, संध्याकाळी परत मिळेल. म्हणजे आणखी 4200. काकांनी खरोखर पाठवायचा प्रयत्न केला, तीन वेळा. चक्र फिरत राहिलं आणि व्यवहार झाला नाही. त्यानंतर त्या माणसाचा फोन बंद झाला तो आजतागायत.

पावणेदहाला आम्ही कचेरीत गेलो आणि वर लिहिलेला प्रश्न कानावर पडला. त्या कर्मचाऱ्यानं आम्हाला नीट समजावून सांगितलं. वासोट्याची परवानगी इथंच, त्या त्या दिवशी, ओळखपत्र बघून देतात. आगाऊ कोटा नाही. बोट इथल्या बोट क्लबकडून, नंबरानं, आणि भाडं माणशी नव्हे तर बोटीमागं. सकाळी सातला रांगेत उभं राहिलात तर मधल्या माणसाची गरजच नाही. पण आता उशीर झाला होता. जायला दीड तास, चढायला दोन-अडीच, उतरायचं, परत यायचं. अंधाराच्या आत होणार नाही, त्यामुळं त्या दिवशी वासोट्याला सोडता येणार नाही. त्यांचं बरोबरच होतं.

धक्क्यावर कोण काय बोललं ते इथं लिहीत नाही. मला कुणी शब्दानं दुखवलं नाही आणि तेच जास्त लागलं. आक्का म्हणाल्या, "पाणी तर हितंच हाय की." मग गाडीच्या सीटवर पदरातल्या, पाकिटातल्या नोटा एकत्र केल्या. रेंज नसलेल्या गावात रोखच चालते. जवळची फेरी मारणारी एक बोट ठरली आणि आम्ही दहा जण बसलो. कोयना, सोळशी आणि कांदाटी या नद्या जिथं मिळतात त्या बाजूला बोट गेली. आक्कांनी एकदाही विचारलं नाही की गाव नेमकं कुठं. हात खाली सोडून पाण्यात बोटं बुडवून बसल्या होत्या, बोट वळेपर्यंत. गाव तिथून बरंच आत होतं, वासोट्याच्या वाटेवर. ती वाट त्यांना मिळाली नाही आणि ती माझ्या हातून गेली, हे मला विसरता येत नाही.

मी पतसंस्थेत कॅशियर आहे. सह्या आणि शिक्के ताडून बघण्यात दिवस जातो. रविवारी घरी आल्यावर चौदाही पास छापून जेवणाच्या टेबलावर ओळीनं मांडले. हातानं मारलेला शिक्का प्रत्येक कागदावर थोडा सरकतो, कुठं शाई जास्त, कुठं कडा तुटलेली. इथं चौदाही कागदांवर शिक्का एकाच कोनात कललेला, खालची कड एकाच जागी पुसट, आणि सहीचं शेपूट शिक्क्याच्या त्याच अक्षरावरून गेलेलं. मोबाईलवर एकेक पास सुटा बघितल्यावर हे कळत नाही. क्यूआर कोडही होता. तो स्कॅन केला तर खात्याचं संकेतस्थळ नाही, त्याच पासाचा फोटो उघडत होता. हे मी बुधवारी केलं असतं तर 13,300 तरी वाचले असते.

सायबर तक्रारीच्या 1930 या क्रमांकावर मी फोन केला तो सोमवारी. तोपर्यंत पैसे त्या खात्यातून पुढं गेले होते. ही सगळ्यात मोठी चूक. या हेल्पलाईनचा उपयोग पहिल्या काही तासांतच असतो, कारण पैसे ज्या खात्यात आहेत तिथंच अडकवता आले तर येतात. धक्क्यावर रेंज नव्हती, पण दुपारी साताऱ्यात होती. आम्ही तिथं जेवायला थांबलो आणि आपसात चर्चा करत बसलो. बँकेतही गेले. तिथं कळलं की खातेदाराच्या नकळत झालेल्या व्यवहाराला जे संरक्षण आहे, ते आपणच पिन टाकून पाठवलेल्या पैशाला लागू होत नाही. पोलिसांनी मात्र तक्रार नीट घेतली. फसवणुकीला आता भारतीय न्याय संहितेचं कलम 318 लागतं, पूर्वीचं 420. चॅट, व्यवहारांचे क्रमांक, पासांची फाईल आणि त्या पानाचे स्क्रीनशॉट दिले. पान मंगळवारी गायब झालं, म्हणजे स्क्रीनशॉट आधी काढले ते बरं झालं.

पैशांपेक्षा मला घोर लागला तो आधार कार्डांचा. चौदा जणांचे नंबर, पत्ते, जन्मतारखा कुणाच्या तरी फोनमध्ये आहेत. आम्ही सगळ्यांनी बसून आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते तपासलं. एका मावशींच्या नावावर एक अनोळखी नंबर निघाला, तो तिथूनच कळवून बंद करायला टाकला. त्याचा संबंध याच प्रकाराशी आहे असं मी म्हणत नाही, पण तपासलं नसतं तर तो तसाच चालू राहिला असता. कुणालाही प्रत द्यायची वेळ आली तर मास्क्ड आधार द्या. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आणि सहलीच्या माणसाला व्हॉट्सॲपवर तेही देऊ नका. ओळखपत्र धक्क्यावर स्वतः दाखवायचं असतं.

फेब्रुवारीत आम्ही आठ जण पुन्हा गेलो, कुणालाही मध्ये न घेता. आदल्या रात्री साताऱ्यात मुक्काम केला, सकाळी सातच्या आत बामणोलीत रांगेत उभे राहिलो आणि सोबत रोख ठेवली. परवानगी मिळाली, बोट मिळाली, गड झाला. सगळा खर्च मिळून माणशी त्या 1450 च्या खाली आला, राहण्यासकट नव्हे, पण बोट, परवानगी आणि गाईड धरून. आक्कांना खूप आग्रह केला. "आता थंडीत गुडघा जुमानत नाही," म्हणाल्या आणि विषय संपवला.

हे आत्ता लिहायचं कारण वेगळं आहे. गेल्या आठवड्यात एक नवीन पान माझ्यासमोर आलं. नाव वेगळं, नंबर वेगळा, पण फोटो तेच, आणि "वासोटा" हा शब्द तसाच चुकवून "वासोट्टा" लिहिलेला. यावेळी माल चांदोलीचा आहे: "राष्ट्रीय उद्यानात जंगल ट्रेक, सांगलीच्या बाजूनं प्रचितगड, परवानगीसह." चांदोलीत असं मोकळं पायी फिरता येत नाही. मणदूरजवळच्या जाधववाडीच्या नाक्यावर नोंद करून, वनखात्याचा माणूस सोबत घेऊन, ठरलेल्या रस्त्यानं गाडीतून जायचं असतं. प्रचितगडाला लोक चढतात ते कोकणातून, संगमेश्वर तालुक्यातल्या शृंगारपूरहून. शंका असेल तर पैसे पाठवायच्या आधी कऱ्हाडच्या वन्यजीव विभागाच्या कार्यालयात विचारा.

मी ते पान कळवलं आणि आमच्या सगळ्या ग्रुपवर इशारा टाकला. दुसऱ्या दिवशी इचलकरंजीहून एका बाईंचा फोन आला. त्यांच्या भिशीच्या बावीस जणी जाणार होत्या आणि निम्मे पैसे नुकतेच, त्याच सकाळी पाठवले होते. आधार कार्डं गोळा करणं चालू होतं. मी त्यांना म्हटलं, माझा फोन ठेवा आणि आधी 1930 लावा. त्यांनी लावला. संध्याकाळी त्यांचा निरोप आला की खात्यावर होल्ड लागला आहे, पैसे अजून तिथंच आहेत.