बेसबॉल गेमचा करिअर मोड : एप्रिल ते दिवाळी खेळून झाल्यावर

आधी निकाल सांगतो. बॅटिंग आणि पिचिंगसाठी (चेंडूफेकीसाठी) ही गेम जरूर घ्या, करिअर मोडसाठी, म्हणजे एकाच खेळाडूची कारकीर्द खेळण्यासाठी, घेऊ नका. अमेरिकेतला सीझन सुरू होता होता, एप्रिलमध्ये मी ती घेतली आणि दिवाळीपर्यंत जवळपास रोज रात्री खेळलो. त्यातला बहुतेक वेळ करिअर मोडमध्येच गेला. कंपनीचं नाव इथे घेत नाही, त्यांना सविस्तर पत्र पाठवलं आहे. हे लिहितोय ते करिअर मोडच्या आशेने पैसे घालू पाहणाऱ्यांसाठी.

पुण्यात बेसबॉल बघणारे कमी असले तरी सॉफ्टबॉल खेळलेले बरेच सापडतात. मीही शाळेत शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागी) उभा राहायचो. आता घर कोथरूडला, नोकरी हिंजवडीला, मैदान सुटलं ते सुटलंच. न्यूयॉर्कचा संध्याकाळी सातचा सामना आपल्याकडे पहाटे साडेचारला लागतो, तो जमत नाही. लॉस एंजेलिसचा मात्र सकाळी साडेसातनंतर सुरू होतो, आणि ऑफिसची बस यायच्या आत चहाबरोबर दोन-तीन इनिंग बघून होतात. त्या मैदानांवर आपणही एकदा उभं राहावं, अगदी तळापासून चढत जावं, एवढीच या मोडकडून अपेक्षा होती.

प्रत्यक्ष खेळ अप्रतिम आहे, यात वाद नाही. पिचरच्या पायापासून होम प्लेटपर्यंत, म्हणजे बॅटर उभा असतो तिथपर्यंत, अंतर ६० फूट ६ इंच. ताशी ९५ मैलांनी, म्हणजे साधारण १५३ किलोमीटरने सुटलेला चेंडू ०.४ सेकंदात तुमच्यापर्यंत येतो आणि तेवढ्यात तो फास्टबॉल आहे की शेवटच्या क्षणी बाहेर वळणारा स्लायडर, हे ओळखायचं असतं. क्रिकेटची सवय असलेल्या माणसाला इथे सगळ्यात अवघड जातं ते चेंडू सोडून देणं. आपल्याला तीन स्ट्राइकची (तिसऱ्याला बाद) भीती वाटते, म्हणून काहीही मारायला जातो. या गेमने मला चेंडू सोडायला शिकवलं. दोन-तीन आठवड्यांनी चार बॉल (मारण्याच्या टापूबाहेर टाकलेले चेंडू) घेऊन चालत पहिल्या बेसवर जाण्यातही आनंद वाटायला लागला. लाकडी बॅटच्या मधोमध चेंडू बसला की हेडफोनमध्ये जो आवाज येतो, त्यासाठी मी अजूनही रोज पंधरा मिनिटं नुसता सराव करतो.

आता करिअर मोड. आपण एक खेळाडू तयार करायचा, ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, तो एखाद्या संघाकडे जातो आणि डबल-ए या मायनर लीगमधून सुरुवात होते. मग ट्रिपल-ए, मग सगळ्यात वरची मेजर लीग. पूर्ण सामना खेळावा लागत नाही. आपली बॅटिंग आली की खेळायचं, चेंडू आपल्याकडे आला की झेलायचा, बाकीचं गेम पुढे ढकलते. मेजर लीगचा सीझन १६२ सामन्यांचा असतो, त्यामुळे ही सोय गरजेचीच आहे. कल्पना उत्तम आहे. पण या मोडमध्ये तुम्ही काहीही केलंत तरी आजूबाजूचं जग त्याची दखल घेत नाही, आणि माझी सगळी तक्रार याच एका गोष्टीपाशी येऊन थांबते.

डबल-एमध्ये माझी सरासरी .३४० होती, म्हणजे हजार प्रयत्नांमागे ३४० हिट (चेंडू मारून बेस गाठणं). बेसबॉलमध्ये .३०० म्हणजे उत्तम बॅटर, तेव्हा .३४० म्हणजे काय ते लक्षात येईल. तरी पूर्ण सीझन तिथेच. मॅनेजरचा (बेसबॉलमध्ये संघाच्या मुख्य प्रशिक्षकाचा) निरोप तोच तोच : मेहनत करत राहा, तुझी वेळ येईल. पुढच्या सीझनला हात आखडला, सरासरी .२४० वर आली आणि त्याच आठवड्यात बढती मिळाली. कारण शोधल्यावर लक्षात आलं की बढती सरासरीवर नसतेच. सामन्यांच्या मधल्या दिवशी जो सराव निवडतो, त्याने रेटिंगचा आकडा वाढतो. तो ठरावीक रेषेच्या वर गेला की वरचा दरवाजा उघडतो. म्हणजे मैदानावर मी जे केलं त्यापेक्षा मेनूत कुठलं बटण दाबलं याला जास्त किंमत.

मे महिन्याच्या सुट्टीत भाचा राहायला आला होता. तो शाळेच्या सॉफ्टबॉल संघात आहे, त्यामुळे खेळ त्याला कळतो. दोन दिवस शेजारी बसून बघत होता. शेवटी म्हणाला, "मामा, तू एवढं मारतोयस तरी हे तुला वर का नेत नाहीत?" मी म्हटलं, "अरे, आकडा पुरा व्हायचाय." "कसला आकडा? होम रन तर सगळ्यात जास्त तुझेच आहेत." बारा वर्षांच्या मुलाला जे दिसतं ते गेमच्या मॅनेजरला दिसत नाही.

खऱ्या बेसबॉलमध्ये गुणी खेळाडूला खाली बसवून ठेवत नाहीत असं नाही. बसवतात, आणि त्यामागचं कारण फार रोचक असतं. २०१५ मध्ये शिकागो कब्जच्या क्रिस ब्रायंटने सीझनपूर्व सामन्यांत ९ होम रन मारले होते. तरी त्याला ट्रिपल-एमध्ये धाडलं आणि १७ एप्रिलला वर आणलं. मेजर लीगमध्ये १७२ दिवस भरले की सेवेचं एक वर्ष धरतात आणि अशी सहा वर्षं झाली की खेळाडू कुठल्याही संघाशी करार करायला मोकळा होतो. ब्रायंटचे त्या वर्षी १७१ दिवस भरले. एका दिवसाने संघाच्या हातात तो आणखी एक वर्ष राहिला. त्याने दाद मागितली, २०२० मध्ये निकाल त्याच्या विरोधात गेला. हे सगळं गेममध्ये असतं तर मी डबल-एमध्ये आनंदाने दोन सीझन काढले असते! एजंटचा फोन यावा, त्याने सांगावं की बाबा रे, पैशांचं गणित आहे, धीर धर. मी चिडावं, दुसऱ्या संघाकडे पाठवा म्हणून अडून बसावं. यातलं काही होत नाही. एजंट भेटतो, पण तीनच प्रकारची वाक्यं बोलतो आणि मी त्यातलं कुठलंही उत्तर निवडलं तरी पुढे तेच घडतं.

आमच्या घरी क्रिकेटचा विषय निघाला की बाबा भाऊसाहेब निंबाळकरांवर येतात. डिसेंबर १९४८, पुणे, रणजी सामना, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. निंबाळकर नाबाद ४४३. ब्रॅडमनच्या नाबाद ४५२ च्या विक्रमाला फक्त ९ धावा कमी असताना काठियावाडच्या संघाने सामना सोडून दिला आणि डाव तिथेच संपला. पुढे निंबाळकरांना एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. पंचाहत्तर वर्षं उलटून गेली, तरी पुण्यात या गोष्टीची हळहळ आहे, कारण त्या ४४३ भोवती माणसं आहेत : समोरचा कर्णधार, निवड समिती, बघणारे, नंतर सांगणारे. करिअर मोडमधल्या माझ्या आकड्यांभोवती कुणीच नाही.

याचा सगळ्यात जास्त त्रास तिसऱ्या सीझनमध्ये झाला. मेजर लीगमध्ये पोचलो होतो, हात बसला होता, कठीणपणाची पातळी वरून दुसरी ठेवली होती, आणि सीझनचा शेवटचा आठवडा उजाडला तेव्हा सरासरी .४०२ होती. अमेरिकन आणि नॅशनल या दोन लीगमध्ये बॉस्टनच्या टेड विल्यम्सनंतर सीझनभर .४०० राखणारा कुणी झालेला नाही. १९४१ च्या सप्टेंबरची ती गोष्ट बेसबॉल बघणाऱ्या प्रत्येकाला पाठ असते. शेवटच्या दिवशी सकाळी विल्यम्सची सरासरी .३९९५५ होती. कागदावर ती .४०० च धरली असती, त्यामुळे मॅनेजर जो क्रोनिनने त्याला हवं तर बाहेर बसायची मुभा दिली. तो बसला नाही. फिलाडेल्फियात त्या दिवशी दोन सामने होते, दोन्ही खेळला, ८ पैकी ६ वेळा हिट मारून .४०६ वर थांबला.

माझ्या शेवटच्या आठवड्यात मला कुणी विचारलं नाही. बसायचं का खेळायचं, हा प्रश्नच गेमला पडला नाही. कॉमेंटेटर मला अजूनही नवखा म्हणत होते. मॅनेजरचा निरोप आला तो बंटचा (बॅट न फिरवता चेंडू हलकेच खाली ठेवण्याचा) सराव वाढव असा. मी खरंच हात थरथरत असताना शेवटचे सामने खेळलो आणि .४०१ वर संपवलं. पडद्यावर नेहमीची आकडेवारीची पाटी आली, मग पुढच्या सीझनचं वेळापत्रक. रात्रीचा एक वाजून गेला होता. कुणाला तरी उठवून सांगावं असं वाटत होतं, आणि गेमने साधी एक बातमीसुद्धा दाखवली नाही. त्यानंतर आठवडाभर मी कन्सोल लावला नाही.

पिचर म्हणून दुसरी कारकीर्द सुरू केली, तिथेही तेच. स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर) दर पाचव्या दिवशी येतो, त्यामुळे सीझन झपाझप सरतो, ही जमेची बाजू. पण आठव्या इनिंगपर्यंत एकही हिट दिलेला नसताना मॅनेजरने मला काढलं. असं खऱ्या खेळातही होतं. १३ एप्रिल २०२२ रोजी मिनियापोलिसमध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सचा पिचर क्लेटन कर्शॉने ७ इनिंगमध्ये २१ च्या २१ बॅटर बाद केले होते, तेही फक्त ८० चेंडूंत, आणि तरी त्याला थांबवलं. परफेक्ट गेम, म्हणजे नऊ इनिंगमधले २७ च्या २७ बॅटर बाद, १८८० पासून २०२३ पर्यंत अवघ्या २४ वेळा झाली आहे, तिच्या सहा बादांवर असताना! पण त्या वर्षी संघमालकांनी खेळाडूंवर लादलेल्या टाळेबंदीमुळे सरावाचा काळ तोकडा झाला होता, खांदा जपायचा होता, खुद्द कर्शॉने निर्णय मान्य केला आणि त्यावर अमेरिकेत भरपूर वाद झाला. माझ्या वेळी दमाचा पट्टा अर्ध्यावर होता. पडद्यावर सामना संपला, आम्ही हरलो, आणि त्या संध्याकाळचा उल्लेख पुन्हा कुठेही आला नाही. निदान मॅनेजरशी एकदा बोलायची सोय हवी होती : अजून एक बॅटर देतोस का, एवढंच.

बॅट, ग्लोव्ह, बूट यांचं प्रकरण थोडक्यात. हे सामान घातलं की रेटिंग वाढतं. ते सामन्यांतून हळूहळू मिळतं किंवा गेममधली नाणी देऊन, आणि नाणी खऱ्या पैशांनीही घेता येतात. मी एक रुपयाही घातला नाही आणि घालणारही नाही. पण एकट्याने खेळायच्या कारकिर्दीत विकतच्या बॅटने ताकद वाढावी, हे मला पटलेलं नाही. शिवाय प्रगती कंपनीच्या सर्व्हरवर साठते. इंटरनेट गेलं की करिअर मोड उघडत नाही. आमच्याकडे दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज जाते, आल्यावरही राउटर सुरू व्हायला वेळ लागतो, आणि घरी असलेला तो एक मोकळा दिवस असा जातो.

नावाचंही तसंच. राष्ट्रीयत्वाच्या यादीत भारत आहे, त्याचा आनंद झाला. वाराणसीकडचे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू पिचिंगच्या स्पर्धेतून निवडले गेले आणि २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांच्याशी करार केला. दोघं मायनर लीगपर्यंतच पोचले. भारतातून आलेला खेळाडू म्हटल्यावर त्यांचा एखादा संदर्भ येईल असं वाटलं होतं. आला नाही. आडनावं ध्वनिमुद्रित केलेली असतात, त्या यादीत माझं आडनाव नव्हतं, म्हणून मैदानावर माझ्या खेळाडूला जर्सीच्या आकड्याने पुकारतात.

आणि शेवटी सगळ्यात वाईट गोष्ट. नवी आवृत्ती दरवर्षी येते आणि जुनी कारकीर्द तिच्यात नेता येत नाही. मुळात जी गोष्ट वर्षानुवर्षं साठत जायला हवी, ती दर मार्चमध्ये पुसली जाते. .४०१ चा माझा खेळाडू या डिस्कपुरताच आहे. सेव्ह पुढे नेता येईल असं कंपनीने आधी जाहीर केलं तरच पुढची आवृत्ती घेईन.

ज्यांनी गेम आधीच घेतली आहे, त्यांनी फ्रँचायझी मोडमधून (ज्यात अख्खा संघ चालवायचा असतो) कारकीर्द खेळून बघा, मी दिवाळीनंतर तेच करतोय. एक संघ निवडा, त्याच्या मायनर लीगमधला एखादा कमी रेटिंगचा तरुण घ्या आणि नियंत्रण फक्त त्याच्यावर लॉक करा. संघाचे व्यवहार गेमकडे सोपवा, पण बढतीचा अधिकार स्वतःकडे ठेवा. इथे सर्व्हिस टाइम (ब्रायंटच्या गोष्टीतले सेवेचे दिवस) मोजला जातो, करार संपतात, २६ जणांच्या संघात जागा करायची तर कुणाला तरी खाली पाठवावं लागतं. पिचर बदलण्याची सेटिंगही आपल्या हातात असते, ती सगळ्यात संथ ठेवा म्हणजे आठव्या इनिंगला कुणी हात धरून बाहेर काढणार नाही. सेव्ह कन्सोलवरच राहतं, त्यामुळे गुरुवारी वीज आली की लगेच खेळता येतं.