५० मिमी एफ/१.८ एसटीएम: हुरड्यापासून कापूसवेचणीपर्यंत वापरल्यावर

कॅननच्या क्रॉप बॉडीवर (लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) सोबत मिळालेल्या किट लेन्सनंतर कोणती लेन्स घ्यावी, असं विचारलं की दहापैकी आठ जण ही ५० मिमीच सांगतात. सल्ला बरोबर आहे, पण अर्धा. ही लेन्स कुठे अडते, हे कुणी सांगत नाही.

हा अनुभव २०१५ साली आलेल्या ईएफ ५० मिमी एफ/१.८ एसटीएमचा (एसटीएम म्हणजे फोकसची स्टेपिंग मोटर), १५००डी आणि २००डी मार्क टू या दोन बॉडींवरचा. ज्वारी हुरड्यात होती तेव्हापासून पुढच्या हंगामातला कापूस वेचणीला येईपर्यंत ती मराठवाड्यातल्या धुळीत, लेण्यांच्या अंधारात आणि मे महिन्याच्या उन्हात चालली आहे. निकाल आधीच सांगतो: विकत घ्या एफ/१.८ साठी, पण वापरा एफ/२.२ ते एफ/२.८ वर (एफचा आकडा लहान, तितकं ॲपर्चर म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं).

कारण साधं आहे. क्रॉप बॉडीवर एक मीटर अंतरावरून एफ/१.८ ला फोटो काढला तर जेमतेम पावणेतीन सेंटिमीटर खोली फोकसमध्ये येते. डोळा धरला तर कान गेला. मधल्या फोकस पॉइंटने डोळ्यावर फोकस घेऊन फ्रेम वळवली, तर कॅमेरा फिरताना फोकसचं प्रतल सरकतं आणि डोळ्याऐवजी मागचे केस धारदार येतात. "लेन्स सॉफ्ट आहे" ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते. खात्री करायची असेल तर लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर बघून) तोच फोटो पुन्हा काढा. तो धारदार आला आणि व्ह्यूफाइंडरमधून काढलेला सतत पुढे किंवा मागे जात असेल, तर बॉडी आणि लेन्सचं जुळत नाही. या दोन्ही बॉडींत मायक्रो ॲडजस्टमेंट (ही चूक मेन्यूतून दुरुस्त करायची सोय) नाही, त्यामुळे उघड्या ॲपर्चरला लाइव्ह व्ह्यू हाच उपाय. २००डी मार्क टू वर ड्युअल पिक्सेल (सेन्सरवरूनच फोकस घेण्याची पद्धत) असल्याने तो पटकन फोकस धरतो, १५००डीवर मात्र धीर धरावा लागतो.

दुसरी खोड जांभळ्या कडांची. आपल्याकडे ती दाखवायला कापसाच्या शेतापेक्षा चांगली जागा नाही. फुटलेलं पांढरं बोंड, मागे काळी जमीन, वर दुपारचं ऊन: एफ/१.८ ला बोंडाच्या कडेने जांभळी रेघ येते आणि मागच्या धूसर बोंडांना हिरवट. कॅमेऱ्यातलं क्रोमॅटिक ॲबरेशन करेक्शन यावर चालत नाही, कारण ते फ्रेमच्या कडेला रंग फुटतात त्यासाठी आहे. हा दोष फोकसच्या पुढेमागे असतो. एफ/२.८ ला तो बराच जातो. एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) खाली ठेवलं तर बोंडातले धागेही जळत नाहीत. उरलेलं रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) एडिटिंगच्या डीफ्रिंजने काढा, पण स्लायडर जपून, नाहीतर शेजारच्या जांभळ्या लुगड्याचा काठही करडा होतो.

हिचं खरं सोनं होतं ते कमी उजेडात. अजिंठ्याला फ्लॅशला बंदी आणि ट्रायपॉडला परवानगी लागते, म्हणजे सगळं हातावर. पहिल्या किंवा सतराव्या लेण्यातल्या मंद प्रकाशात एफ/२.२, शटर १/८० सेकंद आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० च्या आसपास सुरुवात करा. या लेन्समध्ये हाताचा कंप सावरणारा स्टॅबिलायझर नाही आणि क्रॉपमुळे ती ८० मिमीसारखी वागते, म्हणून १/८० च्या खाली जाऊ नका. कोपरं छातीला टेकवा, श्वास सोडता सोडता लागोपाठ तीन फ्रेमचा बर्स्ट घ्या. बटण दाबण्याचा हिसका पहिल्या फ्रेममध्ये जातो, मधली बहुधा स्थिर येते. आयएसओला घाबरून फोटो काळा काढायचा आणि घरी उजळायचा, हे करू नका. सावलीच्या भागात दाणे (नॉइज) जास्त येतात.

वेरूळला मात्र ही लेन्स तोकडी पडते. दहा मीटर मागे सरलात तरी उभ्या फ्रेममध्ये जेमतेम साडेचार मीटर मावतात; कैलासाचा ध्वजस्तंभ त्यात कुठला बसायला! तिथे किट लेन्सच्या १८ मिमीलाच जावं आणि ही शिल्पांचे चेहरे, हत्तींची झीज, दगडावरचे छिन्नीचे घाव यांसाठी ठेवावी, तीही एफ/५.६ ला. दौलताबाद, नळदुर्ग, परांडा या किल्ल्यांवरही हाच हिशेब.

पैठणीच्या मागावर ही लेन्स अगदी फिट बसते. दीड मीटरवरून साधारण ६७ सेंटिमीटर रुंदीची फ्रेम मिळते, म्हणजे हात, धोटा आणि विणलेला पदर एकत्र येतात. एफ/२.८ ला नऊ-दहा सेंटिमीटर खोली मिळते, तेवढ्यात बोटं बसतात आणि मागचा पसारा विरघळतो. अडचण ट्यूबलाइटची. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकतो. हात गोठवायला १/२५० लावलं की एका फोटोत पट्टे, दुसऱ्यात वेगळाच रंग. १/१०० ला पट्टे जातात पण चालता हात हलतो. त्यापेक्षा विणकराला विचारून ट्यूब बंद करा, खिडकीचा उजेड बाजूने घ्या आणि मग १/२५० लावा. जरीचे धागे चमकतात तिथे उजेड मोजणारं मीटर फसतं, हिस्टोग्रामची (उजेडाच्या आलेखाची) उजवी कड बघत राहा.

तुळजापूरकडे गोंधळात दिवटीच्या उजेडावर चेहरा धरायचा असेल तर ज्योत जळू द्या. मीटरिंग चेहऱ्यावर घ्या (अगदी छोट्या भागाचा उजेड मोजणारं स्पॉट १५००डीवर नाही, त्याहून मोठ्या भागाचं पार्शल वापरा), मग मॅन्युअलला एफ/२, १/१२५ लावून आयएसओ जुळवा. पुढे यूव्ही फिल्टर असेल तर तो आधी काढा, नाहीतर ज्योतीचं भूत फ्रेमच्या विरुद्ध कोपऱ्यात उमटतं. अंधारात फोकस मागेपुढे घुटमळतो. मधला पॉइंट वापरा आणि गालाऐवजी मळवटाच्या कडेवर धरा, तिथे फरक ठळक असतो.

आता धूळ. लेन्समधला हा सगळ्यात कच्चा भाग, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. जवळचा फोकस घेताना पुढची नळी बाहेर येते. नळी आणि बाहेरचं कवच यांच्यातल्या फटीतून काळ्या रानातली बारीक धूळ आत जाते. मळणी यंत्राशेजारी तर तासाभरात रिंग खरखरते. शिवाय फोकस रिंग मोटरवर चालते. कॅमेरा बंद असेल तर ती कितीही फिरवा, नळी हलत नाही. बाहेर आलेल्या नळीसह कॅमेरा बॅगेत कोंबला की दाब थेट गिअरवर जातो. म्हणून बंद करण्याआधी दूरच्या झाडावर फोकस घ्या, नळी आत जाते, मग स्विच. काही बॉडींच्या मेन्यूत हे आपोआप होण्याची सोय आहे, ती चालू करा. ईएस-६८ हूड (लेन्सपुढचं ऊन अडवणारं कडं) वेगळं घ्यावं लागतं. हूड धरून कॅमेरा मात्र उचलायचा नाही. काच पुसताना आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, शेवटी कापड. तोंडाने फुंकर मारून शर्टाने पुसणारे बरेच दिसतात. धुळीतली वाळू कोटिंगवर चरे पाडते.

मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा चाळिशीच्या वर असतो आणि या बॉडी ४० अंशांपर्यंतच्याच कामासाठी आहेत. बंद गाडीत ठेवू नका, एवढंच. पावसाळ्यात हवाबंद डब्यात निळी सिलिका जेल टाका, गुलाबी झाली की तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळी करा. डब्यात आर्द्रता ४० ते ५० टक्के राहिली की बुरशीची काळजी नाही.

व्हिडिओसाठी घेणार असाल तर कॅमेऱ्याच्या माइकमध्ये मोटरची घरघर येते, बाहेरचा माइक लागेल. पळणारी मुलं, शंकरपटातले बैल यांनाही ही मोटर पुरत नाही.

जुनी घेणार असाल तर कॅमेऱ्यावर लावून एफ/१६ आणि दोन सेकंदांचं शटर द्या आणि समोरून बघा: सात पाती कोरडी मिटली पाहिजेत. मागून मोबाइलचा टॉर्च मारून बुरशीचे धागे शोधा. मॅन्युअलला रिंग फिरवून नळी अडखळते का, ते पाहा. आणि एसटीएम म्हणून जुनी प्लॅस्टिक माउंटची दुसरी आवृत्ती गळ्यात मारली जात नाही ना, याची खात्री करा. तिचा फिल्टर ५२ मिमीचा, हिचा ४९ चा.