सोल्डरिंग स्टेशन, आठ महिन्यांनंतर: सगळं ठीक, पण याला झोप का नाही?

फेब्रुवारीत लॅमिंग्टन रोडवरून घेतलेलं ६० वॉटचं स्टेशन. आकडे दाखवणारं, सगळ्यांकडे असतं तेच. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण भांडलो दुकानदाराशी, आणि चूक कोणाची ते पुढे येईलच. भांडुपला आमचा छोटा गाळा आहे. पाण्याच्या टाकीचे लेव्हल कंट्रोलर बनवतो, सोल्डरिंग सगळं हाताने.

पहिले चार महिने मी खूश होतो. जुन्या २५ वॉटच्या आयर्नवर रिलेचे जाड पाय तापेपर्यंत चहा गार व्हायचा. हे ३३० अंशांवर दोन-तीन सेकंदांत उरकतं.

पण याला झोप नाही! स्टँडवर ठेवलं तरी आपोआप थंड होत नाही. आपण डबा खायला बसायचं आणि हे तिकडे पेटलेलंच. टोकावरचं कथील आधी तपकिरी, मग काळं, आणि काळ्या बिटाला (म्हणजे आयर्नच्या बदलता येणाऱ्या टोकाला) सोल्डर शिवायलाही तयार नाही. पहिलं बिट मी कानशीने घासलं. आत तांबं, वर लोखंडाचा मुलामा असतो, हे मला मुलामा उडाल्यावर कळलं. मग सोल्डरने तांबं खाल्लं, आठवड्यात टोकाला खड्डा. १८० रुपये पाण्यात. एवढं मशीन बनवणाऱ्याला एक स्विच जड झाला?

जुलैत बोर्ड सोल्डर घेईनात. पॅडवर, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या ठिपक्यावर, सोल्डर पसरायच्या ऐवजी गोळी होऊन बसायचं, अळवावरच्या पाण्यासारखं. तापमान ३३० वरून ३८०, मग ४२०. फ्लक्स (धातू साफ करून सोल्डर पसरवणारं रसायन) लागायच्या आधीच जळून धूर, आणि दोन पॅड बोर्डावरून सुटून आले. माझा संशय अर्थातच स्टेशनवर. आकडा ४२० दाखवतंय, आत १८३ तरी आहे का (आमचं ६३/३७ कथील-शिशाचं सोल्डर तिथे वितळतं)?

स्टेशन पिशवीत घालून भर पावसात ग्रँट रोड. दुकानदार म्हणाला, "बिट वॉरंटीत नाही साहेब, साबणासारखं झिजतं ते." मी आवाज चढवला. त्याने काही न बोलता गल्ल्याखालून नवी वायर काढली, सोलली, माझ्याच स्टेशनने ३२० वर चकचकीत डाग दिला. मागे रांगेतले दोघे हसले. भायखळ्यापर्यंत माझे कान गरम होते.

गाळ्यावर सोल्डरिंग करणाऱ्या ताई म्हणाल्या, "दादा, बिटाचं नाही, बोर्डाचं बघा." भिंगाखाली पॅड धरला. मार्चमध्ये गुलाबी दिसणारं तांबं आता जुन्या नाण्याच्या रंगाचं. झालं असं की दर कमी पडतो म्हणून मी ५०० बोर्ड एकदम घेतले होते, तेही कथील चढवलेले नाहीत, ओएसपीचे. त्यात तांब्यावर मायक्रॉनहून पातळ सेंद्रिय थर असतो, सीलबंद पाकिटात ठीक राहतो. मी पाकीट फाडून गठ्ठा खिडकीजवळच्या रॅकवर ठेवला. मुंबईची जुलैची हवा, वर घामट बोटं. स्विचच्या पायांचंही तेच. चांदीचा मुलामा, जुडी रबरबँडने बांधलेली, आणि रबरातल्या गंधकाने बरोबर तेवढाच पट्टा काळा.

इथे थांबलो असतो तर बरं. घाईत होतो, म्हणून हार्डवेअरच्या दुकानातली फ्लक्सची पेस्ट आणली. जस्ताच्या क्षाराची, नळ-पत्र्याच्या कामाची. सोल्डर लोण्यासारखं बसलं, मी स्वतःवर खूश. सप्टेंबरात चार कंट्रोलर परत आले, जोडांभोवती हिरवी बुरशी. जोडावर उरलेली पेस्ट ओलावा ओढते आणि तांबं खात राहते. आता राळेचाच फ्लक्स, तोही जरा जोरकस प्रकारचा. ताई पॅड पेन्सिलच्या खोडरबरने घासतात, स्पिरिटने पुसतात, लगेच सोल्डर करतात. बोर्डामागे दीड मिनिट जास्त जातं. नवा माल ५०-५० च्या पाकिटात, कथील चढवलेला, सिलिका जेलसकट बंद. बोर्डामागे थोडे जास्त मोजावे लागतात आणि ते मला दर महिन्याला टोचतं.

म्हणजे जुलैत मनात जे एक स्टार दिलं होतं ते मागे घेतो. चार. पाचवा झोपेचा, तो नाही मिळणार. परवा गीझरचा जुना टायमर लावलाय, दर वीस मिनिटांनी बंद. ताई शिव्या देतात, कारण नेमका आयसीच्या सोळाव्या पायाला बंद होतो. पण दुसरं बिट ऑगस्टपासून टिकलंय. घासायला पितळी घासणी, बंद करायच्या आधी टोकावर सोल्डरचा जाड थेंब.

पेस्टची उरलेली डबी खालच्या मजल्यावरच्या प्लंबरला दिली. ४० रुपयांची होती, त्याने एक कटिंग पाजला.