सह्या तारणाच्या, कागद खरेदीखताचा

शेतजमिनीवर खाजगी माणसाकडून पैसे घ्यायची वेळ आली, तर व्याजाच्या आधी एक गोष्ट विचारा: रजिस्टर ऑफिसात नोंदवणार तो दस्त कुठला? गहाणखत असेल तर तुम्ही कर्जदार. खरेदीखत असेल तर तुम्ही जमीन विकली, मग समोरच्यानं देवळात उभं राहून कितीही शपथा घेतल्या असोत. आमची एक एकर अशीच गेली आहे. ती परत मिळवायला आम्ही झगडतोय, आणि त्या झगड्यात जे कळलं ते इतरांना वेळेत कळावं म्हणून हे लिहिते आहे.

आमचं गाव खानापूर तालुक्यात, विट्यापासून जवळ. इकडच्या निम्म्या घरांतली माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात परमुलखात असतात. माझे दीर तिकडेच आहेत. शेती मी आणि माझे मालक बघतो. पूर्वी या रानाला कोणी विचारत नव्हतं. कुसळं आणि बाजरी, त्यापलीकडे काही नाही. टेंभू उपसा योजनेचं पाणी आलं आणि चित्र पालटलं. कराडजवळ कृष्णेतून उचललेलं पाणी टप्प्याटप्प्यानं वर चढवून इथवर आणलंय. ऊस झाला, द्राक्ष झाली, आणि एकराचे भाव असे चढले की पूर्वीच्या माणसांना खरं वाटणार नाही. हे आधी सांगते, कारण आम्हाला पैसे देणाऱ्या सावकाराचा डोळा व्याजावर नव्हताच. पाणी पोचलेल्या रानावर होता. गावात असेच अडकलेल्या ज्यांची नावं नंतर कानावर आली, त्या सगळ्यांची जमीन कालव्याच्या बाजूची निघाली.

सासूबाईंना छातीत दुखायला लागलं म्हणून मिरजेला नेलं, तेव्हा डॉक्टरांनी बायपास सांगितली. पैसे लगेच हवे होते. सोसायटीचं कर्ज पिकासाठी असतं, दवाखान्यासाठी नाही. पतसंस्थेत जामीनदार आणि मीटिंग यात आठवडा जाणार होता. भावकीतलेच एक वयस्क गृहस्थ गावात 'मदत मंडळ' चालवायचे. मंडळ म्हणजे भिशीसारखं, आपल्याच लोकांचे पैसे आपल्याच लोकांना, असं ते सांगत. ते स्वतःच दवाखान्यात आले, सासूबाईंच्या उशाशी बसले, सफरचंदं आणली. मला म्हणाले, "सूनबाई, पैशाची काय बी काळजी करू नका. मंडळ हाय कशाला? घरातलंच हाय समदं."

तीन लाख ठरले, महिन्याला तीन टक्के. पहिल्या महिन्याचे ९ हजार आधीच वळते करून घेतले. "ऑडिटला तारण दाखवावं लागतं, म्हणून रानाचा कागद रजिस्टर करून ठेवू. पैसे फेडले की त्याच दिवशी उलटा कागद करून देतो," असं बोलणं झालं. आई आयसीयूत असताना माझे मालक दुपारपुरते विट्याला दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात गेले. साक्षीदार त्या मंडळवाल्या गृहस्थांचेच, दस्त लिहिणारा त्यांचाच. जाताना गाडीत सांगून ठेवलं होतं, "साहेब इचारतील, सवखुशीनं करताय का. हो म्हणायचं. तेवढंच असतं." फोटो झाला, अंगठा झाला, अर्ध्या तासात बाहेर. शंभराच्या स्टॅम्पवर वेगळं एक संमतीपत्र नोटरी करून आमच्या हातात दिलं: रक्कम परत आल्यावर जमीन परत फिरवून देऊ. आम्हाला वाटत होतं, हाच खरा करार.

तो स्टॅम्प किती दुबळा आहे हे वकिलांनी नंतर समजावलं. मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे खरेदीला गहाण मानायचं असेल, तर 'पैसे दिल्यावर परत' ही अट त्याच खरेदीखतात लिहिलेली असावी लागते. ती वेगळ्या कागदावर असली की दिवाणी कोर्टात तो व्यवहार गहाण ठरत नाही. म्हणूनच हे लोक अट बाहेरच्या कागदावर लिहितात. दस्त लिहिणाऱ्याच्या अज्ञानानं असं होत नाही, हे कायदा नीट वाचून केलेलं असतं.

मंडळाचं एक निळ्या कव्हरचं पासबुक होतं. आत तीन रकाने, 'तारीख', 'व्याज जमा', 'मुद्दल बाकी', आणि शेवटी त्यांची आखूड सही. मुद्दल बाकीच्या रकान्यात दर महिन्याला तेच तीन लाख. पहिले काही हप्ते त्यांच्या मुलाच्या खात्यावर फोनपेनं गेले. मग, "ऑनलाइन नको, इन्कम टॅक्सवाले बघतात" म्हणून रोख मागायला लागले. त्यानंतर पासबुकही 'ऑडिटला' म्हणून घेऊन गेले, ते परत आलंच नाही. माझी मुलगी हप्त्याची तारीख लक्षात राहावी म्हणून पानांचे फोटो काढून ठेवायची. आज आमच्या अर्जातला सगळ्यात भक्कम पुरावा तेच फोटो आहेत.

हे उघड झालं सोसायटीत. त्या एकरावर ऊस लावायचा म्हणून पीक कर्जाचा अर्ज केला, सचिवांनी नवीन सातबारा बघितला आणि कागद माझ्याकडे फिरवला. माझ्या मालकांचं नाव कंसात होतं. कंसातलं नाव म्हणजे कमी झालेलं नाव. त्याच्या जागी सावकाराच्या मुलाचं नाव, बाजूला फेरफाराचा, म्हणजे नाव बदलल्याच्या नोंदीचा नंबर. सचिव हळू आवाजात म्हणाले, "ताई, हे रान तुमच्या मालकांनी विकलंय असं दिसतंय." आम्ही त्याच रानात त्याच सकाळी पाणी धरून आलो होतो.

तलाठी कार्यालयातून फेरफाराची कागदं काढली. खरेदीची नोंद धरल्यावर संबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीला १५ दिवस मिळतात. नोटिशीवर माझ्या मालकांची सही होती. सासूबाईंना घरी आणल्यावर 'मंडळाचे राहिलेले कागद' म्हणून ज्या दोन-तीन सह्या नेल्या, त्यातली ती एक. मग रजिस्टर ऑफिसातून सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा, काढली. तिच्या पहिल्याच ओळीत विलेखाचा प्रकार लिहिलेला असतो. तिथं स्वच्छ शब्दांत खरेदीखत. मोबदला ८ लाख. दस्तात त्यातले ३ लाख चेकनं दाखवलेले आणि '५ लाख यापूर्वी रोखीने पोहोचले, तक्रार नाही'. ते पाच लाख आम्ही डोळ्यांनी बघितलेले नाहीत. आणि स्थावर मालमत्तेच्या विक्रीपोटी २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घ्यायला आयकर कायद्याचीच मनाई आहे, त्यामुळे हे वाक्य दस्तात दिसलं की तिथंच थांबायला हवं.

आम्ही पैसे घेऊन त्यांच्या घरी गेलो, सगळं मुद्दल. ते बाहेर ओट्यावर बसले होते. सफरचंदं घेऊन आलेला माणूस हाच का, असं वाटावं इतका कोरडा चेहरा. म्हणाले, "कसले पैसे? रान मी इकत घेतलंय. तुम्ही अजून कसताय ते माझ्या चांगुलपणानं." व्याजाचं विचारलं तर म्हणाले, हातउसने दिले होते ते तुम्ही फेडत होता. मी आजवर कोणाला कधी शिवी दिलेली नाही, पण त्या दिवशी तोंडावर आली होती.

इथून पुढचं नीट वाचा, कारण बहुतेक लोक इथंच हात टेकतात. "रजिस्टर कागद आहे, आता काही होत नाही," हे आम्हालाही चार शहाण्या माणसांनी सांगितलं. ते खरं नाही. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ याचं कलम १८ नेमकं यासाठीच आहे. सावकारीच्या व्यवहारात तारण म्हणून जमीन घेतली आणि कागद खरेदीचा केला, तर जिल्हा निबंधक म्हणजे जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, त्या कागदाच्या मागं जाऊन चौकशी करू शकतात. तो सावकारीचा व्यवहार होता असं ठरलं, तर खरेदीखत अवैध ठरवून जमीन परत देण्याचा हुकूम करू शकतात. मागच्या १५ वर्षांतला व्यवहार त्यांना तपासता येतो. निकाल पटला नाही तर वर विभागीय सहनिबंधकांकडे अपील आहे.

कागदाच्या मागं जाण्याची ही सोय आपल्या भागाला नवीन नाही. १८७५ साली पुणे आणि नगरकडच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे हिसकावून जाळले, त्यानंतर १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. तो पुणे, अहमदनगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांना लागू होता, आणि आमचा खानापूर तालुका त्या वेळी साताऱ्यातच होता. रोख्यावर काय लिहिलंय तेवढंच न बघता खरा व्यवहार काय होता ते तपासायचा अधिकार तेव्हाच्या कोर्टांना त्या कायद्यानं दिला. इतक्या वर्षांनी त्याच मातीत तीच चाल चालते, याचा मला फार राग येतो.

चौकशीत कामाला काय येतं? जमीन विकलेला माणूस घेणाऱ्याला दरमहा ९ हजार कशाला देईल, या प्रश्नाचं उत्तर सावकाराकडे नसतं. म्हणून फोनपेच्या नोंदी आणि बँकेचा उतारा जोडला. पासबुकाचे फोटो जोडले. रान आमच्याच ताब्यात आहे हे दाखवायला मोटारीचं वीजबिल, पाणीपट्टीच्या पावत्या, खताच्या दुकानाची बिलं, शेजारच्या दोन बांधकऱ्यांचे जबाब. तो नोटरीचा स्टॅम्पही जोडला. दिवाणी कोर्टात दुबळा असला तरी पैसे उसने होते हे तो सांगतोच. दवाखान्यात दाखल केल्याचे कागद सुद्धा, म्हणजे तारखा जुळतात. फेरफाराविरुद्ध प्रांताधिकाऱ्यांकडे अपील वेगळं केलं, आणि आम्ही मुद्दल द्यायला तयार आहोत अशी वकिलाची नोटीस रजिस्टर पोस्टानं पाठवली. ती रक्कम बँकेत बाजूला ठेवली आहे, तसं अर्जात लिहिलं आहे.

त्या माणसाकडे सावकारीचा परवानाच नाही, हे विट्याच्या सहायक निबंधकांच्या कार्यालयात विचारल्यावर कळलं. कर्ज घ्यायच्या आधीही हे तिथं विचारता येतं. विनापरवाना सावकारीला ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. परवानेवाल्या सावकारालाही मनाला येईल तो दर लावता येत नाही. शासनानं २०१४ मध्ये ठरवलेले दर असे: शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ टक्के, बिनतारणी १२ टक्के, इतरांना १५ आणि १८. पुन्हा वाचा, वर्षाला. आमचे महिन्याचे तीन टक्के म्हणजे वर्षाचे ३६. तीन लाखांवर कायद्यानं वर्षाला २७ हजार झाले असते, आम्ही १ लाख ८ हजारांच्या हिशेबानं भरत होतो. व्याजावर व्याज लावता येत नाही, मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही, कोऱ्या कागदावर सही घेणं हाच गुन्हा आहे.

मग अडीनडीला माणसानं जायचं कुठं, हा प्रश्न उरतोच आणि तो मी टाळणार नाही. दवाखान्याचं असेल तर आधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते रुग्णालय आहे का ते बघा. असेल तर तिथं आरोग्यमित्र बसतो, रेशन कार्ड घेऊन त्याला भेटा. हृदयाच्या शस्त्रक्रिया त्या योजनेत बसतात. हे आम्हाला कोणी सांगितलं नाही, आणि त्या गृहस्थांनी तर मुळीच नाही. घरात सोनं असेल तर बँकेत किंवा जिल्हा बँकेत सोनेतारण एका दिवसात होतं. बायका दागिना काढायला नको म्हणतात, मीही म्हटलं असतं, पण दागिना सुटतो, रान सुटत नाही. पिकासाठीचा पैसा सोसायटीतूनच घ्या. ३ लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं तर पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळं शेतकऱ्याला शून्य टक्क्यानं पडतं, मग तेवढ्यासाठी सावकाराच्या दारात जायचं कारण नाही. बचत गटाचं कर्ज लहान असतं, पण हिशेब सगळ्या बायकांसमोर वाचला जातो आणि कोणाचा सातबारा कोणी मागत नाही. जमीन तारण ठेवावीच लागली तर ती बँकेकडे किंवा नोंदणीकृत पतसंस्थेकडे. तिथं सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा चढतो, मालकाच्या रकान्यातलं नाव हलत नाही. आणि गहाणखताला मुद्रांक शुल्क खरेदीखतापेक्षा पुष्कळ कमी लागतं. तीन लाखांच्या कर्जासाठी समोरचा स्वतःच्या खिशातून भरमसाट शुल्क भरायला तयार असेल, तर तो कर्ज देत नाही, जमीन घेतोय.

आमच्या अर्जावर चौकशी सुरू आहे. रानावर येऊन पंचनामा झाला, जबाब झाले, समोरच्यानं वकील दिला आहे. ऊस आम्हीच लावला आहे.

याच मंडळाचं निळं पासबुक आणखी काही घरांत आहे, हे मला माहीत आहे. त्यांनी आज पासबुकाच्या पानांचे फोटो काढावेत, आपला सातबारा आणि आठ अ, म्हणजे खातेउतारा, काढून मालकाचं नाव कंसात गेलंय का ते बघावं, आणि रजिस्टर ऑफिसातून सूची दोन मागवावी. नाव कंसात दिसलं तर गप्प बसू नका. भावकीत वाईटपणा येईल म्हणून एका घरानं अजून अर्ज केलेला नाही. त्यांना मी घरी जाऊन सांगितलं, इथंही सांगते: एकाच माणसाविरुद्ध चार अर्ज गेले, तर हातउसने दिले होते हे तो चार वेळा म्हणू शकणार नाही.